वायरमनच्या घरात गॅसचा ओव्हन

माझा नवरा वायरमन होता. मालेपासून पार ताम्हिणीपर्यंतच्या लाईनी त्याच्याकडे होत्या आणि निवृत्त होईपर्यंत त्यानं त्या सांभाळल्या. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, चारचौघांत हे म्हणते. इथं मात्र तो म्हणणार आहे, कारण हे मी माझ्यासाठी लिहितेय आणि मला त्याचा राग अजून आहे.

राग ओव्हनवरून आहे असं आमच्या मुलीला वाटतं. ती पुण्याकडं सूसला फ्लॅटमध्ये राहते. "आई, एक डबा तर आहे तो. विजेचा काय आणि गॅसचा काय," असं ती मला फोनवर म्हणाली होती.  ती लहान असताना आमच्या घरात लाईट सगळ्यांच्या शेवटी यायची, हे ती विसरली असेल.

आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की गेली. कुठं फांदी पडते, कुठं खांब वाकतो. मग तो काठी आणि पकड घेऊन निघायचा. एकेक वाडी चालू करत यायचा आणि आमच्या आळीचा फ्यूज मुद्दाम शेवटी टाकायचा. मी विचारलं की म्हणायचा, "लोकं म्हणत्याल, वायरमननं पयलं सोताचं घर बघितलं." लोक तरीही तेच म्हणायचे. गिरणी बंद पडली की बायका दळणाचे डबे घेऊन भिंतीला टेकून बसायच्या आणि मी दारात आले की त्यांचं बोलणं थांबायचं. एकदा एक जण माझ्या देखत म्हणाली, "हिच्याच घरात तेवढी असंल लाईट." माझ्या घरात तेव्हा चिमणी जळत होती. दळणाचा डबा तसाच डोक्यावर घेऊन मी परत आले. रात्री त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बायकांच्या बोलण्याकडं ध्यान दिऊ नको." आणि भिजलेली पँट माझ्यापुढं टाकून झोपला. अशी किती वर्षं गेली.

तो निवृत्त झाला त्याच सुमारास आमच्या बचत गटानं पौडला बेकरीचं शिक्षण ठेवलं. मी गेले. तोवर मी कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून त्यात केक भाजायचे. नानकटाईसुद्धा त्यातच, पण एका वेळी ताटलीभरच व्हायची. पौडला शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही ओव्हन शेजारी शेजारी मांडले होते. विजेच्यात खाली आणि वर कॉइल, आकडा लावला की तेवढीच ऊब धरून ठेवतो आणि नानकटाईला सगळीकडून सारखा रंग येतो. गॅसच्यात आच खालून. ट्रे मधेच फिरवावा लागतो, नजर ठेवावी लागते, नाहीतर तळ करपतो. बाईंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "रंग विजेच्याचाच चांगला. पण तुमच्याकडं लाईटचं कसं आहे ते तुम्ही बघा." सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी तिथंच ठरवून टाकलं.

घरी जेवताना मी म्हणाले, "गॅसचा ओव्हन घेतीया मी."

त्यानं घास हातातच ठेवला. "कशाला?"

"पाव करायला. नानकटाई करायला."

"ते कळलं. गॅसचा कशाला?"

"लाईट गेली तरी चालतो."

"आता कुटं जाती लाईट? नवी केबल टाकलीया समदी. मी सोता हुबं राहून टाकून घेतलीया."

"परवा गेली व्हती."

"अर्धा तास."

"अर्ध्या तासात पाव बसतो."

त्यानं ताट पुरं संपवलं, हात धुतला, पंचाला पुसला आणि मग म्हणाला, "वायरमनच्या घरात गॅसचा ओव्हन. लोकं हसत्याल."

"लोकांचं आजवर केलंत तेवढं पुरं झालं," मी म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पिरंगुटहून विजेचा ओव्हन घेऊन आला. मला विचारलं नाही. स्वयंपाकघराची भिंत फोडून जाड वायर ओढली, ओव्हनला सोसेल असा नवा पॉइंट बसवला. काम चोख होतं. त्याचं काम नेहमी चोखच असतं, आणि तेच मला सोसत नाही. भिंतीचा धुरळा माझ्या पिठाच्या डब्यांवर बसला होता आणि तो पुसायचं फडकं त्यानं माझ्यासमोर आणून ठेवलं.

मी त्या ओव्हनला हात लावला नाही. त्याच्यावर पोळपाट-लाटणं ठेवायला लागले. मग त्यानंच तो चालवायला घेतला. निवृत्त माणूस, दिवसभर घरात. शेंगदाणे भाजले, रताळी भाजली. एक दिवस भरताचं वांगं भाजलं आणि मला हाक मारून दाखवलं. "बघ. धूर न्हाई, काजळी न्हाई."

"चव बी न्हाई," मी खाऊन सांगितलं. खरंच नव्हती, वांगं उकडल्यासारखं लागत होतं. तो चिडला नाही, सगळं भरीत एकट्यानं संपवलं. संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले की घरातले दिवे मंद व्हायचे आणि आतली रताळी तास उलटला तरी कच्चीच राहायची. तो ओव्हनसमोर माझ्याकडं पाठ करून उभा राहायचा. व्होल्टेज कमी आहे हे त्याच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. पण माझ्यापुढं तो म्हणायचा, "ह्या रताळ्याची जातच कडक हाय."

मग मी माझा ओव्हन सांगितला. पिरंगुटलाच एक जण स्टीलचं काम करतो, त्याच्याकडून करून घेतला. एका ट्रेचा, दारावर तापमानाचा काटा असलेला. टेम्पो आला तेव्हा नवरा ओट्यावर बसून होता. शेजारची सून धावत आली. तिनं, मी आणि टेम्पोवाल्यानं मिळून तो खाली घेतला. नवरा हलला नाही. टेम्पोवाल्यानं त्यालाच विचारलं, "काका, आत कुटं ठिवायचा?"

"आत न्हाई," तो म्हणाला. "आत माझं वायरिंग हाय. तितं सिलिंडर नकू."

शेगडीचं सिलिंडर आमच्या लग्नानंतर घरात आलं तेव्हापासून त्याच स्वयंपाकघरात आहे आणि त्याच्या डोक्यावर मिक्सरचा पॉइंट आहे, तोही त्यानंच काढलेला. टेम्पोवाला माझ्या तोंडाकडं बघायला लागला. परक्या माणसासमोर तमाशा नको म्हणून मी मागच्या पडवीकडं बोट केलं.

पडवीत वारा आडवा येतो. ओव्हनची एक बाजू जास्त तापायची, दुसरी गारच राहायची. पहिल्या ट्रेतल्या नानकटाया खालून काळ्या आणि वरून पांढऱ्या निघाल्या. तरी मी त्या ताटलीत घालून त्याच्यासमोर नेल्या. त्यानं एक उचलली, उलटी केली, तळ बघितला आणि परत ठेवून दिली.  बोलला असता तर मलाही दोन शब्द सुनावता आले असते.

हळूहळू मला त्या ओव्हनची तऱ्हा कळली. वाऱ्याच्या बाजूला पत्रा ठोकून घेतला. खालच्या खाचेत एक रिकामा ट्रे सरकवून ठेवला की आच अंगावर येत नाही, हे कळलं. पाव तर त्यात फारच चांगला व्हायला लागला, मऊ सालीचा. शेजारची सून न्यायची, अंगणवाडीच्या बाई न्यायच्या. तो आत विजेवर रताळी भाजायचा, मी मागं गॅसवर पाव भाजायचे. घरात दोन चुली झाल्या की माणसं वेगळी निघाली असं म्हणतात. आम्ही एका छपराखाली वेगळे निघालो होतो आणि गावाला ते दिसत होतं.

त्या वर्षी पावसाळ्यात सलग दोन दिवस लाईट नव्हती. नवा वायरमन तरुण, परगावचा. त्याच्याकडं इतकी गावं दिलेली की त्याचा फोनच लागत नव्हता. दुपारी पाच-सात माणसं आमच्या अंगणात आली. याच अंगणात उभं राहून ती पूर्वी शिव्या घालायची. आता बोलणं गोड होतं. "वायरमन, तुमीच बघा आता. त्या नव्या पोराला काय कळत न्हाई. डीपीवरचा फ्यूज तर हाय."

त्याचा चेहरा असा खुलला की मुलीच्या लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. त्यानं कॉटखालून काठी काढली. रबरी हातमोजे काढले, ते बोटांपाशी तडकलेले होते.

"तुमी आता नोकरीत न्हाई," मी म्हणाले.

"पाच मिन्टाचं काम हाय."

"मागनं लाईन बंद केलीया का, कुणाला इचारलं तुमी?"

"मला शिकवतीयास?" असं म्हणून तो माणसांबरोबर निघून गेला.

माझं पीठ फुगायला ठेवलेलं होतं, ओव्हन तापत होता. मी गॅस बंद केला आणि छत्री घेऊन त्यांच्या मागं गेले. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, ओढ्याच्या कडेला आहे. त्याच्याभोवती घोट्याच्या वर पाणी साचलं होतं आणि तो त्या पाण्यात उभा होता. त्याला घेऊन आलेली माणसं लांब बांधावर, आंब्याखाली छत्र्या धरून उभी होती. त्यांनी मधे ठेवलेलं ते अंतर बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

मी बांधावर जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ह्यांचं आज हितं काय बरंवाईट झालं, तर उद्यापास्नं माझ्या घराकडं कोण बघणार? जो बघणार हाय त्यानं आत्ता पुढं यावं. बाकीच्यांनी घरी जावं."

कुणी पुढं आलं नाही. छत्र्यांवर पाऊस वाजत होता. एक म्हातारबाबा म्हणाले, "राहू द्या, वायरमन. उद्याच्याला बघू." मग एकेक जण पाय उचलायला लागला. नवरा काठी धरून पाण्यातच उभा होता. सगळे गेल्यावर तो बांधावर आला.

"गावापुढं माझी माती केलीस," तो म्हणाला.

"आज तुमची माती व्हायची व्हती, ती वाचवली," मी म्हणाले.

घरी येईपर्यंत तो माझ्या पुढं चालला. पीठ जास्त फुगून आंबलं होतं, ते मी गुरांना घातलं. दुसऱ्या दिवशी नवा वायरमन आला. त्यानं फोनवरून लाईन बंद करून घेतली, तासभर काम केलं आणि सगळ्या आळ्यांत एकदमच लाईट आली. तेवढा वेळ नवरा घराबाहेर पडला नाही. मग उठला, विजेच्या ओव्हनची वायर काढली, पॉइंट बंद करून त्यावर कोरी पट्टी ठोकली आणि मुलीला फोन करून सांगितलं, "तुझ्या आईला नकू हाय. तू घिऊन जा." जावई गाडी घेऊन आले आणि ओव्हन सूसला गेला.

दिवाळीच्या आधी आम्ही मुलीकडं गेलो. तिनं त्याच ओव्हनमध्ये नानकटाई केली होती. रंग पौडच्या बाईंच्या नानकटाईसारखा, काठापासून मध्यापर्यंत एकसारखा. नवऱ्यानं जावयांसमोर एकामागून एक खाल्ल्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याला म्हणत्यात रंग."

"रंग चांगला आलाय," मीही म्हणाले. खोटं कशाला बोलू? मुलीच्या सोसायटीत लाईट जात नाही, गेली तर जनरेटर लागतो. मी तिथं राहत असते तर विजेचाच घेतला असता. पण मी तिथं राहत नाही.

मुलगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, किती दिवस धरून बसणार? बाबांना माफ कर ना आता."

"कशाबद्दल माफ करू, ते आधी त्यांना विचारून ये," मी म्हणाले. ती गेली नाही. तिनं डबा भरायला घेतला.

आता ते सगळं जुनं झालं. सकाळी पौडकडून बेकरीची गाडी येते. नवरा पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहतो, लादी पाव घेतो आणि माझ्यासमोर बसून चहात बुडवून खातो. मधे ताटलीत माझा पाव असतो. एकदा शेजारच्या सुनेनं हसून विचारलं, "काका, घरात बेकरी असून तुमी इकतचा खाताय व्हय?"

"त्यो गॅसचा हाय," तो म्हणाला. "मला पचत न्हाई."

 मी तिच्या हातात दोन पाव ठेवले आणि तिला वाटेला लावलं. त्याला मी घ्या म्हणत नाही, म्हणणारही नाही. कधी गाडी येत नाही, तेव्हा तो नुसता चहा पितो आणि मी त्याच्यासमोर बसून माझा पाव खाते.