आतोबांचा पाव इंच

आमच्या आतोबांइतका मोटारींवर जीव टाकणारा आणि मोटारीत पाय ठेवायला इतका घाबरणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, अशी माझ्या आत्याची सिद्धेश्वराला रोजची विनवणी असे. आत्याचे हे यजमान मोजणीखात्यात कारकून होते. हयातभर त्यांनी लोकांच्या जमिनी साखळीने मोजल्या आणि उरलेल्या वेळात लॉऱ्या मोजल्या. लॉऱ्या तेव्हा आमच्याकडे नव्यानेच दिसू लागल्या होत्या. बाकीची माणसं रस्त्यात थांबून त्यांच्याकडे पाहत, धूळ खात आणि आपापल्या घरी जात. आतोबाही घरी येत, पण आल्याबरोबर तीच लॉरी पत्र्याची आणि लाकडाची, हुबेहूब, फुटाला एक इंच या मापाने पुन्हा करायला बसत. बारा फुटांची लॉरी बारा इंचांची. साडेअकरा नाही, आणि सव्वाबारा तर नाहीच नाही.

एकदा कुणीतरी मुंबईहून येताना त्यांच्यासाठी मोठ्या हौसेने पत्र्याची जर्मन मोटार आणली. चावी दिली की ती गोल गोल पळे. आतोबांनी ती पळू दिली नाही. आधी तिला पट्टी लावली, मग म्हणाले, "ह्यात ड्रायव्हर बसला तर त्याचे गुडघे कानाला लागतील," आणि आणणारा समोर बसलेला असतानाच अडकित्त्याने तिचा टप कापून काढला. महिनाभरात त्या मोटारीला नवं तोंड आलं, नवी चाकं आली, पाठीमागे पोती टाकायला हौदा आला, आणि जर्मन राहिली फक्त चावी. तीही पुढे आमच्या गजराच्या घड्याळाला बसवली, कारण घड्याळाची स्प्रिंग आतोबांनी तोवर लॉरीचं वजन पेलणाऱ्या, चाकांवरच्या पाट्यांसाठी काढून घेतली होती. चावी फिरवली की नुसतं समाधान मिळे.

घरातली कोणतीही वस्तू आज आहे तशी उद्या राहील याची आत्याला खात्री नसे. चहाची गाळणी रेडिएटरच्या जाळीत गेली आणि पुढचे पंधरा दिवस आलेल्या पाहुण्यांनी चहा पिऊन पत्ती थुंकायची कुठे, या विचारात काढले. छत्रीच्या काड्यांचे चाकांचे आस झाले. सोलापुरात छत्री उन्हासाठीच वापरायची असते म्हणून निभावलं. आत्या नुसतं कापड डोक्यावर धरून देवळात जाऊन येई. "मेल्या लॉरीला सावली आणि मला ऊन," असं ती म्हणायची, पण बाहेरचं कुणी त्यांना हसलं तर त्याला दुसऱ्यांदा पोहे मिळत नसत.

फुटाला इंच हे माप त्यांच्या डोक्यात इतकं मुरलं होतं की माणसंही त्यांना त्याच मापात दिसत. माझं लग्न झाल्यावर बायकोला घेऊन नमस्काराला गेलो. ती वाकली, उठली, आतोबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत कौतुकाने पाहिलं आणि "सव्वापाच इंच" असा आशीर्वाद दिला. हा आमच्या घराण्यातला कसला आशीर्वाद, हे ती मला आठ दिवस विचारत होती.

रविवारी सकाळी ते टेप आणि वही घेऊन अडत बाजारात जात आणि उभ्या लॉरीखाली धोतरासकट शिरत. नुसते दोन पाय बाहेर. सुरुवातीला ड्रायव्हर लोकांना वाटलं, हा नवा कर बसवायला आलेला साहेब. ते चहा पाजत, पान देत. खरं काय ते कळल्यावर पान बंद झालं. पण हळूहळू प्रत्येकाला वाटू लागलं की करायची तर आपलीच लॉरी करावी. आतोबा सहजी कुणाला होकार देत नसत. त्यांना नवी लॉरी आवडायची नाही. पोचे हवेत, ठिगळं हवीत, एक दिवा दुसऱ्याहून जरा तिरळा हवा.

असलं सगळं एका मोहोळच्या माणसाच्या हिरव्या लॉरीत होतं. तो स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. वयाने आतोबांच्याच बरोबरीचा. बापजाद्यांची मेंढरं विकून त्याने ती घेतली होती आणि मेंढरांशी बोलावं तसाच तो तिच्याशी बोलायचा. पुढच्या दिव्याला काळ्या लोकरीचा गोंडा बांधलेला असे. मोहोळहून शेंगांची पोती आणायची, ती उतरली की इथून काही ना काही भरून परत जायचं, असा त्याचा क्रम. त्याने स्वतः होऊन आतोबांना गाठलं. त्याची नजर जात चालली होती. समोरून येणारी बैलगाडी अगदी अंगावर आल्यावर दिसू लागली तेव्हा त्याने लॉरी बार्शीच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. तो व्यापारी वरचा हौदा काढून तिची उतारूंची सर्व्हिस मोटार करणार होता. "म्हंजे माजी लॉरी ऱ्हातच न्हाय की," तो म्हणाला. "भाऊसाहेब, दिसायचं बंद व्हायच्या आत तेवडी करा."

आतोबांनी शब्द दिला. दोनशेवर मापं घेतली. चार महिन्यांत सगळं झालं, गोंडासुद्धा झाला, आणि ताडपत्रीवर घोडं अडलं. साधं कापड पसरलं की त्यांना त्याचे धागे दोरखंडासारखे दिसत. सूतही बाराव्या हिश्शाचं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. साखरपेठेतल्या एका तेलुगू विणकराकडे त्यांनी दोन महिने चकरा मारल्या. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "असलं सूत कोळी काढतो, आमी न्हाय." मग आत्याने आपली पैठणी गुंडाळून ठेवायचं जुनं, विरलेलं मलमल काढून दिलं आणि प्रश्न सुटला. पण ते दोन महिने गेले ते गेलेच.

मोहोळचा माणूस आला तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. लॉरी त्याच आठवड्यात बार्शीला गेली होती, आणि त्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. आतोबांचा चेहरा पडला. त्यांनी आपण केलेली लॉरी त्याच्यापुढे ठेवली. आपल्या लॉरीला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. त्या दिवशी त्यांनी त्याचा हात धरून टपावर ठेवला. तो बोटं फिरवू लागला. डाव्या अंगाचा पोचा लागला तेव्हा हसला. गोंडा सापडला तेव्हा बायकोला म्हणाला, हे बघ. मग त्याने हौद्याखाली, चाकाच्या वर दोन बोटं घातली आणि तो थांबला.

"भाऊसाहेब, हिच्या अंगावर वजन हाय."

आतोबा म्हणाले, रिकामीच तर आहे. तो म्हणाला, रिकामी असती तर एवढी बसली नसती, बोट सैल गेलं असतं. मग घाईघाईने म्हणाला की असू द्या, लई झाक झालीय.

तो गेल्यावर आतोबांनी वही काढली. अडत बाजारात लॉरी निवांत उभी सापडायची ती पोती उतरायची पाळी येईपर्यंत, म्हणजे भरलेली. सगळी मापं भरलेल्या लॉरीची होती. पाटे दबलेले. पंचवीस वर्षं लोकांच्या बांधांचे तंटे सोडवणाऱ्या माणसाने रिकाम्या लॉरीला भरलेल्या लॉरीची उंची दिली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आत्याने मला बोलावणं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शीला निघालो. सर्व्हिस मोटारीने. आतोबांना मोटार लागायची, ती कशी लागायची ते मी तेव्हा पाहिलं. वैरागपर्यंत आमच्यासाठी तीनदा गाडी थांबली. चौथ्यांदा ड्रायव्हरने न विचारताच थांबवली. लिंबू त्यांच्या एका हातात आणि टेप दुसऱ्यात. मी परत फिरू म्हणालो तर म्हणाले, "त्याला आता बोटांनीच बघायचंय रे. तिथं मी खोटं ठेवू?"

बार्शीत पोचलो तर व्यापाऱ्याच्या अंगणात हिरवी लॉरी नव्हतीच. हौदा सुटा होऊन फळ्या भिंतीला टेकल्या होत्या आणि नुसता सांगाडा पाटे ताठ करून उभा होता. भरलेल्या लॉरीचं माप वहीत होतं, सांगाड्याचं समोर होतं, आणि हवं होतं ते मधलं कुठेच नव्हतं. आतोबा मिनिटभर चाकापाशी बसले. मग उठले, धोतराचा काचा मारला आणि भिंतीची एक फळी उचलून सांगाड्यावर नेऊन ठेवली. मग दुसरी. सुतार पाहतच राहिला. मला समजलं तेव्हा मीही लागलो. फळ्या जोडलेल्या असोत की नुसत्या रचलेल्या, वजन तेवढंच. शेवटी सुतार आणि दोन हमालही हात लावायला आले. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. बिजागऱ्या, साखळ्या, खिळ्यांचा डबासुद्धा आतोबांनी वर ठेवायला लावला. मग ते खाली शिरले. बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले होते आणि धोतराला वंगण. फरक तीन इंचांचा. म्हणजे आमच्या लॉरीत पाव इंच.

त्या पाव इंचासाठी चारही पाटे पुन्हा सोडले गेले. आठ दिवसांनी मोहोळचा माणूस परत आला. या खेपेला त्याने सरळ हौद्याखाली बोटं घातली. बराच वेळ ती तिथेच ठेवली.

"आता रिकामी झाली," तो म्हणाला. "म्हंजे माल उतरून घराकडं निघाली."

आतोबांनी आजवर केलेली एकही लॉरी कुणाला दिली नव्हती. कलेक्टर कचेरीतला साहेब मागायला आला होता, त्यालाही नाही. त्यांनी ती उचलली, त्याच्या दोन्ही हातांत ठेवली आणि म्हणाले, "मग घरी न्या तिला."

मला त्या क्षणी आतोबांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे कुणाचाच वाटला नाही. त्यानंतरही त्यांनी पुष्कळ लॉऱ्या केल्या. काही तर फारच देखण्या झाल्या, लांबून लोक पाहायला येत. पण एखाद्याने विचारलं की आतोबा, यांतली तुमची सगळ्यांत चांगली कोणती, तर ते लॉऱ्या मांडलेल्या फळीकडे बघतसुद्धा नसत. लेक कुठे दिली असं विचारल्यावर बाप ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात सांगत, "ती मोहोळला असते."