गयामावशीचा राघू

गयामावशी सकाळी उठली की पिकलं केळं कुस्करायची, त्यात मधाचा थेंब टाकायची आणि ते माखलेलं बोट पालीपुढं धरायची. पाल ते चाटूनपुसून घ्यायची. उरलेलं केळं मावशी स्वतः खायची. सुनेला चहा त्यानंतर, तोही आदल्या दिवशीचा चोथा उकळून.

भिंगारला आमची खोली तिच्या खोलीला लागून होती, मधे एकच भिंत, त्यामुळं नको ते सगळं मला ऐकू यायचं. पाल आपल्या भिंतीवरची नव्हे हं! मावशीचा दत्तू फौजेत होता. अंदमानहून सुट्टीवर येताना त्यानं ती डब्यातून आणलेली. पोपटी रंग, पाठीवर लाल ठिपके, आणि भर दिवसा हिंडणारी. मावशी तिला राघू म्हणायची. दत्तूनं जाळीची पेटी करून दिली आणि परत गेला. पुढं एकाहत्तरच्या लढाईत तो पडला. घरात राहिले मावशी, राघू आणि दत्तूची बायको शेवंता.

"ह्यो माझ्या लेकानं दिलाय," मावशी म्हणायची, "आन् हिनं माझा लेक खाल्ला." हे शेवंताच्या देखत, तिच्या ताटात भाकरी टाकता टाकता. दुष्काळाचे दिवस. सुनेला रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, राघूला केळी आणि मध. राघूसाठी माशा पकडायचं काम मात्र सुनेकडं. "जित्ती पायजे. मेलेली तुझी तू खा." मेल्या म्हातारीच्या तोंडात दात चार उरले होते, पण ती कसर जिभेनं भरून काढायची.

एवढं खाऊनही राघू वाळायला लागला. पाय वाकडे झाले, जबडा मऊ पडला, धरलेली माशी तोंडातून सुटायला लागली. लोकांची दृष्ट लागेल म्हणून मावशीनं पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून वर घोंगडी टाकली होती ना! शेवंता एकदाच धीर करून बोलली, "आत्याबाई, हे म्हनायचे, त्याला सकाळचं ऊन लागतं. अंड्याचं टरफल कुटून माशीला चोळायचं. न्हाईतर हाडं मऊ पडत्यात."

मावशीनं उलथनं फेकून मारलं. शेवंताच्या कपाळाला खोक पडली. "ऊन तुला खायाचंय व्हय? दारात हुबी ऱ्हाऊन कुनाला त्वांड दावतीस, रांडमुंडे?"

मग मावशी देवळात अंगारा आणायला गेली, की शेवंता पेटी माझ्या मागच्या ओट्यावर आणायची. टरफलं माझ्या घरची. हिरव्या पानावर ती पाणी शिंपडायची आणि राघू थेंब थेंब चाटायचा. हळूहळू तो सावरला, माशीवर झेप घ्यायला लागला. मावशी गल्लीभर सांगत सुटली, "अंगाऱ्यानं उठला बगा!"

एकदा देवळाला कुलूप होतं म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परतली. ओट्यावर उन्हात पेटी बघून तिनं शेवंताचे केस धरले. "माझ्या लेकाची निशानी उगड्यावर मांडलीस!" मी मधे पडले, तर "तू तुजी चूल बग" ऐकून घ्यावं लागलं. संध्याकाळी शेवंता पारनेरच्या एसटीत, माहेरी. पेटी पुन्हा घोंगडीखाली.

राघू परत पडला. या खेपेला मधाकडंही बघेना. तेव्हा मावशी माझ्या दारात आली. आवाज उतरलेला, पदर डोळ्याला. "पारनेरला तुजी बहीन हाय न्हवं? जा की गं. शेवंतीला इचार, ती काय करायची त्याला. माझ्या दत्तूचं येवढंच ऱ्हायलंय." खोटं कशाला बोलू, तिला रडताना बघून मला बरं वाटलं.

गेले मी. शेवंतानं सगळं नीट ऐकून घेतलं. कपाळावरच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "हाय तितंच ठिवा म्हनावं. वर आनिक एक घोंगडी टाका. दृष्ट लई वाईट."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. मावशीचा चेहरा उजळला. "बग, पटलं न्हवं शेवटी तिला!" असं म्हणत तिनं माझ्यासमोरच दुसरी घोंगडी टाकली आणि कडा पेटीखाली नीट खोचल्या.

आठवडाभरात राघू गेला. मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवंताला शिव्या देणं तिनं सोडलं. उलट येईल त्याला सांगायची, "सून माझी गुनाची. हाकलून दिली तरी राघूची काळजी केली तिनं."