माईकभोवती चालणारी फौज

नारायणगावच्या बँडचे मास्तर बोलतानाही बोटांनी ताल धरत. जुन्या पौराणिक सिनेमातलं युद्धाचं संगीत तलवारींच्या खणखणाटाशिवाय घरी ऐकता यावं, म्हणून त्यांनी ते पुन्हा वाजवून कॅसेट काढायचं ठरवलं. पण वरातीत चालत वाजवणारी माणसं खुर्चीवर बसली की बिचकायची. शेवटी मास्तरांनी त्यांना बाजाराच्या रिकाम्या शेडमध्ये माईकभोवती चालवलं.

"मास्तर, आवाज जवळ येतो, लांब जातो," रेकॉर्डिंगवाला कुरकुरला.

"मग? फौज काय खुर्चीत बसून येती व्हय, राव?"

त्यात क्लॅरिनेटवर माझे वडील होते. ते गेल्यावर मी ती कॅसेट लावली. त्यांचा सूर लांबून आला, कानाशी पोचला, दूर गेला. मी टेपजवळ सरकलो. सूर वळून परत येत होता.