नाना आणि मशीन विकायची वेळ

जुनी मशीन बघायला गिऱ्हाईक आलं, की शिरपूरचे नाना आधी तिच्या खोडी सांगायला बसत. मी शेजारी उभा राहून खोकत असे. मग नाना गिऱ्हाइकासमोरच विचारत, "खोकला शे का रे तुले?"

नाना माझे धंद्यातले भागीदार, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. शेततळी नि नाले खोदणाऱ्या आमच्या दोन पोकलेन होत्या. मशीन किती तास चालली, कितवं मॉडेल, असलं मी बोलायचो. नानांचं माप वेगळं. "मिस्तरी घरना मानूस व्हयना, की मशीन इकी टाक." एकदा सारखा दुरुस्तीला येणारा मिस्तरी आमच्याकडे भरीत-भाकरी जेवला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, आज मीठ कमी पडलं." त्याच आठवड्यात नानांनी पहिली मशीन वरणगावकडच्या एकाला विकली. वर बजावलं, "पंप थकेल शे. मातीमा चालाडा, खडकले लावू नका." मी कपाळाला हात लावला. तो माणूस मात्र मशीन घेऊन गेला आणि पुढे शेततळ्यांच्या कामासाठी आपल्या दोन भावांनाही आमच्याकडे घेऊन आला.

दुसरी विकायला मी तयार नव्हतो. तिच्या कमाईवर माझं घर उभं राहिलं होतं. पावसाळ्याआधी नाना म्हणाले, "आते इक. चालती शे तवलोंग तिनी इज्जत शे."

"नाना, तुम्हाला भावना नाहीत."

"भावना शेतस ना. पन त्या बकेट उचलतीस का?"

मी ऐकलं नाही. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला तिला खडकाच्या कामावर लावलं. नवव्या दिवशी पंप फुटला, मशीन नाल्यातच बसली, आणि पहिल्या पुरानं तिला केबिनपर्यंत गाळात गाडलं. दिवाळीनंतर भंगारवाल्याशिवाय तिला कुणी विचारेना.

मशीन कापायला गॅसकटरवाले आले त्या दिवशी नानाही आले. 'सांगितलं होतं ना' हे ऐकायची तयारी मी सकाळपासून करून ठेवली होती. ते म्हणाले, "तू जाय, चहा पी ये. तुले देखावाव नही."

दोन तासांनी परतलो, तर शेवटचा तुकडा ट्रकमध्ये चढत होता आणि नाना डोक्याला रुमाल बांधून तिथेच उन्हात उभे होते. डोळे लाल. "धूर लागना," म्हणाले.

ट्रक गेल्यावर आम्ही परत निघालो. शिरपुरात शिरताना नाना म्हणाले, "पुढली मशीनले पोरीनं नाव दिऊ नको." मी तिला सोनी म्हणायचो, हे त्यांना ठाऊक होतं तर.

दोन वर्षांनी नाना गेले. आज माझ्याकडे तीन मशीन आहेत. एकीलाही नाव नाही.