धर्मपालचं मरण आणि वन्स मोअर

...तर तलवार लागून धर्मपाल पडला, इथवर काल आपण आलो होतो. खरी गंमत पुढेच. तो पडला आणि मांडवातून ‘वन्स मोअर’ उठला. आमच्या मुकुटबनात रीतच अशी, की प्रवेश आवडला तर गाव वन्स मोअर देणार आणि नटानं तो पुन्हा करून दाखवायचा. नाही केला तर गावाचा अपमान. मग मेलेला धर्मपाल उठला, धोतर झटकलं, पुन्हा लढला, पुन्हा मेला. चार वेळा! पाचव्या वेळी राजा झालेला धरमसिंग तलवार टेकून म्हणाला, "आता तरी मर ना बे, माहा हात दुखून राह्यला!"

असा हा धर्मपाल. एरवी बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा. शाळा सातवीपर्यंत. पण आमच्या हौशी नाट्यमंडळात बावीस वर्षं मरायचं काम त्याचंच. विष, साप, बंदूक, क्षय, काहीही द्या. तो खोकत खोकत मरायला लागला की बायका खऱ्या रडायच्या. मी पडदा ओढणारा. दोरी धरल्या धरल्या मीही डोळे पुसलेत. बाजारात म्हाताऱ्या त्याला थांबवून विचारायच्या, "औंदा कशानं मरतं रे बापू?" तो छाती फुगवून सांगायचा. त्या विचारण्यावरच गडी जगायचा म्हणा ना.

मग दोन हजार सहा साल आलं. कापसानं सगळ्यांना झोपवलेलं, दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावची बातमी. आमच्या नाटकाचा मांडव घालणारा सदाशिवराव दिवाळीआधी फवारणीचं औषध पिऊन गेला. मंडळानं ठरवलं, यंदा राजे-राण्या नकोत. आपलंच दुःख मांडू आणि वणीच्या स्पर्धेत नेऊ. नायक शेवटी औषध पिणार.

धर्मपाल पहिल्यांदाच का-कू करू लागला. "सदाशिवरावाची लीलाबाई समोर बसन. तिच्या देखत कसं करू?"

धरमसिंग मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणाला, "तुह्यावाचून दुसरं मरते कोण इथं?"

शेवटी धर्मपाल स्वतःच लीलाबाईकडे गेला. ती म्हणाली, "करा भाऊ. येईन मी पाहाले."

आली. बायकांत अगदी पुढं बसली. धर्मपालनं बाटली तोंडाला लावली आणि पडला. ना खोकला, ना तडफड. नुसता पडला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" वाईट हेतूनं नाही हो. आतून हललं की आमच्या तोंडून तेच निघतं. पाठोपाठ सगळा मांडव ओरडू लागला. आणि धर्मपाल उठला. बावीस वर्षांची सवय. बाटली उचलली, आणि समोर बघत तिथंच थबकला. विंगेतून धरमसिंग दात खात म्हणतोय, "पी ना बे!" धर्मपालनं बाटली खाली ठेवली, स्टेजची पायरी उतरला आणि अनवाणीच घरी गेला. पडदा मला ओढावा लागला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक पेटली. वणीला नाव दिलेलं, दिवस उरलेले चार. ठराव झाला: त्यानं गावाची माफी मागावी आणि वणीत मरावं, नाहीतर मंडळातून नाव कमी. निरोप द्यायला मलाच धाडलं. धर्मपाल एक चाक उलटंपालटं करत बसला होता. मी सगळं सांगितलं. मान वर न करता तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो:

"भाऊ, तुमी बाजूले होते, तुमाले दिसलं नसन. मी उठलो तशी लीलाबाई बी उठून उभी राह्यली. तोंड असं खुललं तिचं, जसा तिचाच माणूस उठला. तिच्या देखत मी पुन्हा कसा मरू? नाव कापा लागते त कापा. वणीले येतो मी, सतरंज्या उचलतो, खुर्च्या लावतो. पण मराले दुसरा पाहा."