भात, कापड आणि माझी गोळी

गेल्या रविवारी कोलकात्यातल्या डमडमला, सासरच्या घरी, आमचा बौभात झाला, म्हणजे बंगाली लग्नानंतरचा समारंभ. नवी सून त्या दिवशी सासरच्या माणसांना भात वाढते. पण त्याआधी दुपारी एक छोटासा विधी असतो... नवरा बायकोच्या हातात जेवणाचं ताट आणि साडी देतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, आजपासून तुझ्या भात-कापडाची जबाबदारी माझी.

बाबांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो आणि इथलेच झालो. त्यामुळे हा विधी मैत्रिणींच्या घरी मी ढीगभर वेळा पाहिलाय आणि दर वेळी नाक मुरडलंय. न्यू टाउनच्या कंपनीत मी स्वतः पगार मिळवते, माझा भात मला परवडतो!

पण त्या दुपारी नाक काही मुरडता येईना. माघातलं मऊ ऊन, स्वयंपाकघरातून येणारा नव्या गुळाच्या पायसाचा वास, जवळच्या विमानतळावर उतरताना गच्चीवरून अगदी खालून जाणारी विमानं... सगळं अर्धवट झोपेत दिसावं तसं दिसत होतं. आणि त्या सगळ्याच्या आत मी घाबरलेली होते.

का, ते सांगते. अनिर्बाणला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारूनच लिहितेय.

त्याला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं तो नियमित औषधं घेतोय आणि त्याच्या रक्तात आता व्हायरस तपासणीत सापडत नाही. असं कायम राहिलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे त्याने मला आमचं जुळायच्या आधीच नीट समजावलं होतं... मी तेव्हा आधीच प्रेमात पडलेली होते, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

लग्न ठरल्यावर आम्ही दोघं डॉक्टर बाईंकडे गेलो. मूल हवंय, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याचे रिपोर्ट असेच राहिले तर तुला वेगळं काही घ्यायची गरज नाही. पण प्रेप नावाची गोळी असते, एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची. सुरू करण्याआधी रक्ततपासणी, मग दर तीन महिन्यांनी पुन्हा. मूल होऊ देतानाही चालते. बाकीच्या गुप्तरोगांपासून मात्र ती वाचवत नाही आणि ती काही गर्भनिरोधक गोळी नव्हे. घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव, म्हणाल्या.

मी म्हटलं, घेते.

बाहेर पडल्यावर अनिर्बाण माझ्या पुढे पुढे चालत राहिला. मेट्रोतून उतरल्यावर एवढंच म्हणाला, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही." मी समजवायला गेले आणि सगळा विचका केला. भांडण, रडारड, मग दिवसचे दिवस फोनवर फक्त "जेवलास?" आणि "जेवलीस?" पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि मला वाटायला लागलं, हे लग्न काही होत नाही.

मग एका संध्याकाळी बाबूघाटावरून नदीपार जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. इतकं धुकं होतं की समोरचा हावड्याचा काठच दिसेना. नुसतं राखाडी पाणी आणि इंजिनचा आवाज... तिथे मला शब्द सापडले.

मी म्हटलं, मला तुझी भीती नाही रे, माझी आहे. उद्या तू टूरवर गेलास, आजारी पडलास, चार दिवस गोळ्या चुकल्या... तर मी काय करीन? तुझ्या गोळ्या तपासीन. रिपोर्ट तुझ्याआधी उघडीन. मला तुझी बायको व्हायचंय, इन्स्पेक्टर नाही. माझी गोळी मी घेतली की तुझ्यावर पाळत ठेवायला नको.

पाण्याकडे बघत तो म्हणाला, "हूं."

त्या एका "हूं"वर मी लग्न केलं. त्याचा अर्थ विचारायची हिंमत झाली नाही. सासरी आल्यावर गोळ्यांची बाटली मेकअपच्या पाउचमध्ये तळाशी ठेवली आणि गोळी बाथरूममध्ये जाऊन घ्यायला लागले, त्याला दिसायला नको म्हणून. आणि बौभाताच्या सकाळी पाउच उघडलं, तर बाटली नाही...

दुपारी अनिर्बाण ताट घेऊन समोर आला. भात, डाळ, भाज्यांचे तळलेले काप, भलामोठा मासा. शेजारी लाल काठाची साडी. आणि साडीच्या घडीवर, सगळ्यांना दिसेल अशी, माझी बाटली.

त्याने बोलायला तोंड उघडलं आणि वरून विमान आलं. डमडमच्या घरात विमान जाईपर्यंत सगळे आपोआप थांबतात, तसे थांबले. ते गेल्यावर तो म्हणाला, "आज थेके तोमार भात-कापोडेर दायित्व निलाम." मग जरा हळू, बंगालीतच, "तुझ्या शरीराचं तू ठरव. मी आडवा येणार नाही."

त्याच्या काकूंनी विचारलं, "ओटा की?" हे काय आहे? सासूबाईंना सगळं माहीत आहे, त्याच्या आजारपणात त्यांनीच त्याला सांभाळलंय. त्या शांतपणे म्हणाल्या, "बौमार ओषुध." सुनेचं औषध. "आता बसा, मासा गार होतोय."

मी हमसून हमसून रडले. सगळ्यांना वाटलं, माहेरची आठवण आली! दोघीतिघींनी पाठीवरून हात फिरवला आणि पानात मासा जास्तीचा वाढला.

हे इथे लिहितेय, कारण कित्येक बायकांना अशी गोळी असते हेच माहीत नाही. नवरा, मित्र, कुणाचीही गोष्ट असो... आपल्याला गरज आहे असं वाटलं, तर डॉक्टरांना सरळ विचारा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

"काळजी घे" असं मला आजवर खूप जणांनी सांगितलं. पण ती मी माझ्या पद्धतीने घेतली, तेव्हा त्यात स्वतःचा अपमान न मानता ती काळजी चारचौघांत माझ्या हातात देणारा हा पहिलाच माणूस... फार जपून ठेवावंसं वाटतंय त्याला.