बाळकुमच्या दगडाची पाटी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्हा चार-पाच जणांना पाट्या लावायचं वेड लागलं होतं. ठाण्यात जिकडे तिकडे इमारती उठत होत्या आणि जुनं काही उभं दिसलं की लोक त्यावर कपडे वाळत घालत होते. आमच्यात एक निवृत्त इतिहासशिक्षक होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. पडकी तटभिंत, कोरीव दगड, जुनी विहीर, काहीही सापडलं की सर मजकूर लिहायचे. माझं अक्षर बरं, म्हणून तो पत्र्यावर रंगवायचं काम माझ्याकडे. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या खोलीत ऑइलपेंटचा वास मुरला होता, आणि आई त्याबद्दल रोज दोन शब्द सुनवायची.

पाट्या लावून इतिहास वाचतो, यावर माझा फारसा विश्वास नव्हता. कल्याणला तटाजवळ लावलेल्या पाटीवर दुसऱ्याच आठवड्यात कोचिंग क्लासची जाहिरात चिकटली, आणि ती आमच्या मजकुरापेक्षा जास्त लोकांनी वाचली असणार. पण रविवार बरा जायचा.

बाळकुमला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली एक शेंदूर फासलेला दगड होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेल-शेंदराने त्याचा नुसता गोळा झालेला. एका कोपऱ्यातला शेंदूर निघाला होता आणि तिथे होडीचं टोक कोरलेलं दिसत होतं. ते बघून सरांना दुसरं काही सुचेना. हा वीरगळ आहे, म्हणाले, लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड, आणि होडी आहे म्हणजे हा पाण्यावर मेलेला.

गावच्या कोळ्यांसाठी तो देव होता. रस्तारुंदीची खूण दगडाच्याही पलीकडे पडली होती, त्यामुळे सरकारी वाटणारी पाटी लागली तर देव वाचेल असा हिशेब करून जाणत्यांनी शेंदूर काढायला परवानगी दिली. समोरच्या घरातल्या म्हातारीनेही दिली. दगडाची पूजाअर्चा तिच्या घराकडे होती. ती एवढंच म्हणाली, "देवाला न्हाऊ घाला, पन नारळी पुनवेच्या आधी आटपा. मला कौल घ्यायचा हाय."

कौल कसला, ते शेजाऱ्यांकडून कळलं. तिचा मुलगा काही वर्षांपूर्वी वादळात बोट घेऊन गेला, तो आला नाही. बोटीवरच्या बाकीच्यांची प्रेतं मिळाली, त्यांचं क्रियाकर्म झालं. याचं काहीच मिळालं नाही. तेव्हापासून दर नारळी पुनवेला म्हातारी दगडाला तगरीची ओली पाकळी लावून विचारायची, माझा पोर हाय का? पाकळी टिकली तर आहे, पडली तर नाही. पाकळी दरवर्षी टिकायची. म्हणून घरात त्याचं ताट वाढलं जायचं आणि सून हातभर हिरव्या बांगड्या घालून मासळीबाजारात बसायची. ती माझ्याच वयाची, म्हणजे तिशीही न गाठलेली. कोळ्यांत विधवेचं दुसरं लग्न लागतं. भाऊ तिला न्यायला येऊन गेला होता, पण नवरा आहे म्हटल्यावर तो रिकाम्या हाती परतला. मला हे सगळं ऐकून राग आला, कोणाचा ते मात्र ठरवता येईना.

आम्ही दोन रविवार गरम पाणी आणि काथ्याने दगड घासला. खाली खरंच होड्या होत्या, वल्ही होती, आडवा पडलेला माणूस होता. मी पाटी रंगवली: वीरगळ. जलयुद्धात मरण आलेल्या वीराचे स्मारक.

पुनवेला सकाळी आम्ही मुद्दाम गेलो. अर्धा गाव जमला होता. म्हातारीने पाकळी बुडवली, दगडाला लावली आणि विचारलं. पाकळी पडली. तिने दुसरी लावली, तीही पडली. तिसरीही. सून मागे उभी होती, तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. लोक कुजबुजायला लागले की देव कोपला, शेंदूर परत चढवा, पुन्हा कौल लावा. काहीजण आमच्याकडे वळून बघायला लागले, ते मला अजिबात आवडलं नाही.

सर भला माणूस. त्यांना म्हातारीची दया आली. पुढे होऊन तिला समजावायला लागले, "आजी, मनाला लावून घेऊ नका. याचा काही अर्थ नाही. आधी तेलाचा थर होता, त्याला पाकळी चिकटायची. आता दगड उघडा पडलाय, खरबरीत आहे, त्यावर कशी टिकणार?"

म्हातारीने मान हलवली. तिला पटलेलं दिसलं. मग तिने सरांकडे बघितलं.

"मंग इतकी वरसं पाकळी कोनी धरली व्हती? शेंदरानं?"

सरांचं काय चुकलं ते त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि आमच्याही. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, आयो, शेंदूर लावून परत विचारू. तिने हातानेच नको म्हटलं.

सून मटकन खाली बसली. पदराचा बोळा तिने तोंडावर दाबून धरला. जित्या माणसासाठी रडू नये, म्हणून इतकी वर्षं त्या घरात रडायला मनाई होती. म्हातारी तिच्याजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रड गं बाय. आता रडलीस तरी चालंल."